चेसीला पट्टी मारली म्हणजे ट्रकची ताकद वाढली का? ऊस हंगामाआधी गाडीखाली वाकून पाहाच

बीड | विश्लेषण

दसरा जवळ आला की आपल्या जिल्ह्यात दोन ठिकाणी गर्दी दिसते. एक मुकादमाच्या दारात अन् दुसरी गॅरेजात. वर्षभर शेतात नाहीतर रोडच्या कडेला उभे असलेले जुने ट्रक हंगामासाठी तयार होतात. कुणाला कमानीत एक पाटा वाढवायचा असतो, कुणाला हौदा उंच करायचा असतो, कुणाच्या चेसीला चीर गेलेली असते. फिटर वेल्डिंग करतो, वरून लोखंडी पट्टी मारतो, काळा रंग देतो. "आता काय काळजी नाही" म्हणून गाडी कोल्हापूर, सांगली नाहीतर कर्नाटकाच्या वाटेला लागते.

त्याच गाडीच्या हौद्यात भांडीकुंडी, सरपण, शेळ्या, लेकरं अन् कोयत्याची जोडपी बसलेली असतात. म्हणून चेसीची पट्टी हा फक्त मालकाचा अन् फिटरचा विषय नाही. खरा प्रश्न असा : पट्टीनं ट्रक मजबूत होतो, की नुसता मजबूत झाल्यासारखा वाटतो?

चेसी वजन कशी पेलते?

ट्रकची चेसी म्हणजे आडवी टाकलेली शिडीच. दोन लांब चॅनल अन् त्यांना जोडणारे आडवे तुकडे. जुन्या गाड्यांत हे जोड बहुतेक रिबेटचे असतात. चॅनलला मधे एक उभी बाजू अन् वर-खाली दोन आडव्या बाजू असतात.

माळवदाच्या घरात तुळई कशी तडकते ते आठवा. मधोमध भार आला की तुळई वरून दाबली जाते अन् खालून ताणली जाते. लाकूड खालून फाटतं. चेसीचंही तसंच आहे. सगळ्यात जास्त ताण वरच्या अन् खालच्या आडव्या बाजूंवर येतो, उभ्या बाजूच्या मध्यावर सगळ्यात कमी. म्हणूनच आडव्या बाजूला भोक पाडू नये, वेल्डिंग करू नये, असा नियम ट्रक बनवणाऱ्या कंपन्या सांगतात. जोडकाम करायचंच तर उभ्या बाजूवर, तेही बोल्टनं.

दुसरी गोष्ट, चेसी थोडी पिळली जावी अशीच बनवलेली असते. शेतातल्या गाडीवाटेनं एक चाक चारीत गेलं की शिडी पिळते अन् परत सरळ होते. घाटाच्या वळणावरही तेच होतं. ती जागच्या जागी आवळून टाकली तर तो पीळ जिथं मोकळी जागा सापडेल तिथं जाऊन बसतो.

पट्टी नेमकी कुठं चुकते?

चुकते ती पट्टीच्या टोकाला. समजा, चॅनलला चार फुटांची जाड पट्टी सरळ कापून, चारही बाजूंनी वेल्डिंग करून चिकटवली. त्या चार फुटांत चेसी ताठ झाली. पण पट्टी जिथं संपते तिथं ताठ भाग अन् लवचिक भाग एकमेकांना भिडतात. सगळा ताण त्या एका रेषेवर येतो. वेल्डिंगच्या उष्णतेनं तिथलं पोलाद आधीच बदललेलं असतं. मग पुढच्या हंगामात नवी चीर जुन्या जागी जात नाही, पट्टीच्या टोकाला जाते. मालक म्हणतो, लोखंड खराब निघालं. खरं तर काम चुकलेलं असतं.

याचा अर्थ मजबुती करताच येत नाही असा नाही. टिप्परला कंपनीच आतून दुसरा चॅनल बसवून देते. पण त्याची पद्धत असते. पट्टीची टोकं सरळ न कापता तिरकी, निमुळती कापायची. टोक कमानीच्या ब्रॅकेटजवळ किंवा आडव्या जोडाजवळ संपवायचं नाही. चीर बुजवायची असेल तर आधी तिच्या शेवटाला बारीक भोक पाडून तिला थांबवायचं, चीर खोलवर घासून मोकळी करायची, मग कोरड्या ७०१८ रॉडनं भरून गुळगुळीत घासायची. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायची. नवीन गाडीला संगणक असतो, तिथं तर हे विसरून चालतच नाही.

जादा खेपेचा हिशोब

जुन्या टाटा गाड्यांच्या नावातच वजन सांगितलेलं असतं. १६१३ म्हणजे साधारण १६ टन एकूण वजन अन् १३० अश्वशक्ती. हे वजन मालाचं नाही, गाडीसकट आहे.

आता समजा, गाडीचं मंजूर एकूण वजन १६.२ टन आहे अन् बॉडीसकट रिकामी गाडी ६ टन भरते. माल बसला १०.२ टन. हंगामात त्यावर १५.२ टन ऊस चढवला, तर माल जवळपास दीडपट झाला. वेल्डिंगच्या जोडाचं आयुष्य मोजायचा इंजिनिअरांचा ढोबळ नियम असा : ताण जेवढ्या पट वाढतो, त्याच्या घनाइतक्या पटीनं आयुष्य घटतं. दीडचा घन म्हणजे जवळपास साडेतीन. जो जोड दहा हंगाम चालला असता, तो तीन हंगामांत जातो. गाडी त्या दिवशी मोडत नाही म्हणून सगळ्यांना वाटतं, हिला काही होत नाही. पण प्रत्येक खेपेचा हिशोब चेसी ठेवत असते.

आणि पट्टी मारल्यानं बाकीचं काहीच वाढत नाही. ब्रेक तेच, टायर तेच, धुरा तीच, स्टेअरिंग तेच. उलट पट्टीचं स्वतःचं वजन वाढतं. धारूरच्या घाटात उतारावर चेसी टिकली अन् ब्रेक तापून गेले, तर त्या मजबुतीचा उपयोग काय? अरुंद रस्ता, तीव्र वळणं अन् उसानं उंच भरलेली गाडी, याचे परिणाम त्या रोडच्या गावांनी अनेकदा पाहिलेत. परळीची राख अन् गोदाकाठची वाळू वाहणाऱ्या हायवांनाही हाच हिशोब लागू आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११३ नुसार आरसीवर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त वजन चालत नाही. कलम १९४ मध्ये दंड आहे २० हजार रुपये, अन् वरच्या प्रत्येक टनाला आणखी २ हजार. वरच्या उदाहरणात ५ टन जादा आहे, म्हणजे दंड ३० हजार. शिवाय जादा माल उतरवायचा खर्च वेगळा. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये परमजित भसीन प्रकरणात सांगितलं की नुसता दंड घेऊन जादा मालासकट गाडी सोडता येणार नाही, माल उतरवावाच लागेल.

केंद्रानं जुलै २०१८ मध्ये धुऱ्यावरच्या वजनाची मर्यादा वाढवली. चार टायरच्या एका धुऱ्याला १०.२ टनांवरून ११.५ टन, जोडधुऱ्याला १९ वरून २१ टन. पण त्यावरून जुन्या गाडीत परस्पर माल वाढवू नका. तुमच्या आरसीवर जो आकडा छापलाय, रोडवर तोच विचारला जातो.

गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करण्यावर कलम ५२ ची बंधनं आहेत. चेसी लांबवणं त्यातच येतं. वेल्डिंग करताना चेसीवर ठोकलेला नंबर झाकला किंवा घासला गेला, तर पासिंगला गाडी अडते. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं अन् त्याची फी गेल्या काही वर्षांत बरीच वाढलीय. फी वाढली म्हणून पासिंग चुकवणारे अन् "फक्त हंगामापुरती" गाडी चालवणारे वाढू शकतात. ही भीती सरकारनंही लक्षात घ्यायला हवी.

काट्याला सगळं माहीत असतं

इथंच खरी मेख आहे. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. गाडीमालकानं उचल घेतलेली असते, डिझेल महाग, कारखान्यावर नंबर लागायला तास न् तास. मग एका खेपेत जास्त नेण्याचा मोह होतो. तो लोभ कमी अन् मजबुरी जास्त असते.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. रोडवर आरटीओला गाडी थांबवून वजन करावं लागतं. कारखान्याच्या काट्यावर मात्र प्रत्येक खेपेचं वजन नोंदवलं जातं, त्याची पावतीही निघते. कुठली गाडी रोज जादा माल आणते हे त्या नोंदीत स्वच्छ दिसतं. कलम १९४ फक्त चालवणाऱ्याचं नाव घेत नाही. चालवायला लावणारा अन् चालवू देणारा, हेही त्यात आहेत. तरी रोडवर पकडला जातो तो डायव्हर. मंजूर वजनापेक्षा जास्त भरलेली गाडी काट्यावरच नोंदवून पुढच्या खेपेला रोखायची, असं ठरलं तर निम्मा प्रश्न रोडवर येण्याआधीच मिटेल. तोडणी अन् वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून कापला जातो. म्हणून हा प्रश्न कारखान्याच्या सभेत विचारायचा हक्क ऊस उत्पादकालाही आहे.

गाडी निघायच्या आधी एवढं पाहा

गाडी धुवून घ्या. चिखल अन् ग्रीसखाली चीर दिसत नाही. बॅटरी घेऊन खाली जा अन् या चार जागा तपासा : केबिनच्या मागं, मागच्या कमानीचे ब्रॅकेट, आडव्या तुकड्यांचे जोड अन् जुन्या पट्टीची दोन्ही टोकं. रंगावर केसासारखी रेघ अन् तिच्यातून तांबडा गंज दिसला तर ती चीर समजा. रिबेटभोवती तांबडी भुकटी असेल तर रिबेट हललाय. सपाट जागेवर रिकामी गाडी एका बाजूला कललेली दिसली तर नुसता पाटा बदलून थांबू नका, चेसी तपासा.

चीर आडव्या बाजूतून उभ्या बाजूत उतरली असेल, तर ती गाडी हंगामाला पाठवू नका. जाणकाराकडून पूर्ण काम करून घ्या, नाहीतर चॅनल बदला. खर्च मोठा आहे, खरं. पण अपघात झाला अन् गाडी ओव्हरलोड निघाली तर विमा कंपनीला क्लेम अडवायला कारण मिळतं.

आणि टोळीतल्या माणसांनीही विचारायला लाजू नये. "दादा, गाडी पासिंग झालीय का? खालून बघितलीय का?" ज्या गाडीत आपली लेकरं बसणार, तिच्याबद्दल एवढं विचारायचा अधिकार उचल घेतल्यानं जात नाही.