पाणी गाळता, मग अर्थिंग का टाळता?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांची किरकोळ कामं नाशिकमधल्या कित्येक घरांत चालतात. मागच्या खोलीत ग्राइंडर, ड्रिल. वीज घरगुती मीटरची. विचारलं की उत्तर ठरलेलं : "परवान्याची कटकट कोण करणार?"

कटकट? ज्या कारणासाठी वीज मंजूर, त्याबाहेर वापरणं हा वीज कायदा 2003 च्या कलम 126 नुसार अनधिकृत वापर. आकारणी दुप्पट दराने. आपल्या भाषेत अचौर्याला तडा. वायरिंग न दाखवताच ठेकेदाराची टेस्ट रिपोर्टवर सही घेणं, हे असत्य. आणि गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी टाळून कारागिराचा जीव टांगणीला लावणं, ही हिंसाच.

पाणी गाळून पिणाऱ्यांनो, वायरिंगची तपासणी हीसुद्धा जयणाच! अपघातानंतरचं मिच्छामि दुक्कडम् कुणाच्या कामाचं?