खेळातून सूट देणारे प्रमाणपत्र

दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आपल्यापैकी अनेकांकडे एक ठरावीक विनंती येते. "मुलगी यंदा दहावीत आहे. खेळाच्या तासातून सूट मिळेल असे सर्टिफिकेट द्या ना, डॉक्टर." मुलगी ठणठणीत असते. पालक बहुधा आपले स्नेही, क्वचित व्यवसायबंधूही. त्यामुळे नकार देणे जड जाते. तरीही तो दिलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खोटे प्रमाणपत्र देणे 2002 च्या आपल्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार गैरवर्तन ठरते, हे सांगायला नकोच. परंतु मला अधिक चिंता वाटते ती मुलांची. हाडांत खनिजे साठण्याचा वेग वयात येण्याच्या सुमारास सर्वाधिक असतो. नेमक्या त्याच वर्षांत आपण त्यांना खुर्चीला खिळवतो. जागतिक आरोग्य संघटनेने 5 ते 17 या वयोगटासाठी रोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोमदार व्यायाम सुचविला आहे. शाळा आणि दोन-दोन शिकवण्यांच्या धबडग्यात तो व्हायचा कधी? आटोक्यात असलेला दमासुद्धा मैदानाच्या आड येत नाही. मग निरोगी मुलाला कोणत्या निदानावर घरी बसवायचे? (खेळाचा तास गणिताला उसना देणाऱ्या शाळांविषयी न बोललेलेच बरे.)

नाटक, वक्तृत्व, गायन यांचीही तीच गत. "अभ्यासेतर" हा शब्दच मला खटकतो. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अभ्यास आणि हे उपक्रम यांमधील भिंत काढण्याचे म्हटले, ते योग्यच; पण बडोदेकरांना त्यात नवल वाटू नये. सयाजीराव महाराजांनी येथे गायनशाळा काढली ती 1886 साली, आणि जुम्मादादा व्यायाम मंदिराचा लौकिक तर सर्वांना ठाऊक आहे. ज्या मुलाला वर्गात तोंड उघडण्याचा धीर होत नाही, ते संमेलनात दोन वाक्यांची भूमिका करून मोकळे होते, हे बालरोगतज्ज्ञाला वेगळे सांगावे लागत नाही.

हात मोडला असेल, कावीळ झाली असेल, तर सूट अवश्य द्यावी. मात्र तिची मुदत लिहावी, आणि त्या काळात मूल काय करू शकेल तेही लिहावे. धावता येत नसेल तर गुणफलक सांभाळता येतो. आपल्या मंडळाने असा एक नमुना छापून सर्व सभासदांना द्यावा, अशी माझी सूचना आहे. नकार सर्वांचा सारखाच असला, म्हणजे पालकांना एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जाण्यात अर्थ उरणार नाही.