‘एक कोयता’ म्हणजे किती माणसे?

कुटुंब हा समाजाचा पाया आहे, या वाक्याने सुरू होणाऱ्या व्याख्यानांचा बीड जिल्ह्यात तुटवडा नाही. गणेशोत्सवातील व्याख्यानमाला असो की महाविद्यालयातील चर्चासत्र, पुढचे वाक्यही ठरलेले असते : हा पाया आता खचत चालला आहे. तो खचविणाऱ्यांच्या यादीत शिकलेल्या मुली, मोबाइल आणि पाश्चात्त्य संस्कृती यांचा क्रम तेवढा वक्त्यागणिक बदलतो. श्रोते माना डोलावतात. त्याच आठवड्यात गावच्या वेशीबाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, सरपण आणि लेकरे चढत असतात, हे सभागृहातून दिसत नाही.

प्रथम वर्षाच्या वर्गाला आम्ही एकदा ‘माझे कुटुंब’ असा, तसा गुळगुळीतच, निबंध घातला होता. एका विद्यार्थ्याचे पहिले वाक्य असे होते : आमच्या घरात एक कोयता आणि एक अर्धा कोयता आहे. म्हणजे आईवडील मिळून एक कोयता, आणि अविवाहित थोरला भाऊ अर्धा. समाजशास्त्र शिकविणाऱ्या स्नेह्यांना तो कागद दाखविला तेव्हा ते हसले आणि म्हणाले, हे आमच्या प्रकरणात कुठेच बसत नाही. ते प्रकरण आम्ही नंतर मुद्दाम वाचले. बसत नाही हे खरे. आमची तक्रार मात्र प्रकरणाबद्दल आहे, विद्यार्थ्याबद्दल नव्हे.

मर्डॉक यांनी १९४९ मध्ये कुटुंबाची चार कार्ये सांगितली : लैंगिक, प्रजननविषयक, आर्थिक आणि शैक्षणिक. पुढे टॅल्कट पार्सन्स यांनी १९५५ च्या ग्रंथात असे मांडले की, औद्योगिक समाजात कुटुंबाची बहुतेक कार्ये इतर संस्थांकडे जातात आणि त्याच्याकडे मुख्यतः दोनच उरतात. मुलांचे प्राथमिक सामाजीकरण आणि प्रौढांच्या व्यक्तिमत्त्वाला स्थैर्य. सोप्या भाषेत, कारखाना आला की उत्पादन घराबाहेर गेले आणि घर विसाव्याचे ठिकाण झाले. अमेरिकेतील मध्यमवर्गीय घर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले हे सूत्र आपल्याकडच्या नोट्समध्ये अजूनही सार्वत्रिक नियम म्हणून उतरवून दिले जाते.

मराठी प्रदेशात कारखाना आला त्याची गोष्ट वेगळी आहे. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढच्या काही दशकांत पश्चिम महाराष्ट्रात धुराड्यांची रांग लागली. सहकार, आधुनिक यंत्रे, बँका, संचालक मंडळे, सगळे काही आले. पण ऊस तोडण्यासाठी या आधुनिक उद्योगाने जो घटक निवडला तो कामगार नव्हता, ते जोडपे होते. पर्जन्यछायेतल्या बीडमधून दसरा-दिवाळीनंतर निघायचे, फडात पाचटाची कोपी घालायची, पहाटेपासून तोडणी, मोळ्या बांधणे, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणे. रात्री-अपरात्री गाडी आली तर तेव्हाही. पार्सन्स यांचे सूत्र इथे पालथे पडते. कारखान्याने कुटुंबाकडून उत्पादन काढून घेतले नाही. त्याने कुटुंबच कामाला लावले.

आणि ते त्याला स्वस्तात पडते. जोडप्यातली बाई फडात पुरुषाइतके राबते. त्याशिवाय पाणी आणते, भाकऱ्या थापते, तान्हे सांभाळते, ज्याची मजुरी कोणाच्याच हिशेबात धरलेली नसते. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि हिशेबाच्या वहीत नाव एकच असते, नवऱ्याचे. तोडणीचा दर टनावर ठरतो. २०२४ च्या जानेवारीत त्यात ३४ टक्के वाढ मान्य झाली, तिचे स्वागतच आहे; पण टन काही नवरा-बायकोत वाटून मोजला जात नाही. एक जण आजारी पडून कामावर आला नाही की खाडा पडतो, आणि तो दोघांच्या नावावर. फायद्यात बाई मोजायची नाही आणि दंडात तिला विसरायचे नाही, इतकी काटेकोर व्यवस्था कुठल्या समाजशास्त्रज्ञाला सुचली नसती.

इथे आमच्या विषयातले थोडे. जुन्या मराठीत ‘आमचे कुटुंब’ म्हणजे आमची बायको. तिचे नाव घ्यायचे नसे, म्हणून अख्ख्या संस्थेचे नाव तिला दिले. कुणबी हा शब्दही ‘कुटुंबिन्’वरून आला, असे सामान्यतः मानले जाते, म्हणजे शेत कसणारा आणि कुटुंब बाळगणारा या भाषेने एकच मानले. राजवाड्यांपासून इरावती कर्व्यांपर्यंत विवाह आणि नातेसंबंध यांचा एवढा खोल विचार ज्या भाषिक समाजातल्या अभ्यासकांनी केला, त्याला ‘एक कोयता’ या शब्दप्रयोगातली गणिताची चूक दिसू नये? मुकादमाची वही आणि आमची बोली दोन्ही एकाच रीतीने चालतात : बाई कुटुंबात विरघळवायची आणि मग कुटुंबाचे गुणगान करायचे.

अर्ध्या कोयत्याला उचल कमी मिळते, कधी मिळतच नाही. मुलगा सोळा-सतराचा झाला की त्याचा पूर्ण कोयता करायची घाई त्यातून येते. मुलीकडची घाई वेगळ्या कारणाची असते. तिला फडावर न्यावे तर उघड्या कोपीत सुरक्षितता नाही, गावी ठेवावे तर राखायला म्हातारी आजी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी शंभरातील ४० हून अधिक जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. राज्याचे प्रमाण २२ च्या आसपास होते. या आईबापांना अडाणी म्हणणे सोपे आहे. आम्हीही पूर्वी म्हटले आहे, आणि त्याची लाज वाटते. ते मुलीवर अन्याय करतात हे खरेच. पण तो अन्याय ज्या व्यवहारात त्यांना शहाणपणाचा वाटतो, तो व्यवहार त्यांनी मांडलेला नाही.

गर्भाशयांचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले. बीड जिल्ह्यातील खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली, असा आकडा तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितला. त्यातल्या सगळ्या ऊसतोड करणाऱ्या नव्हत्या आणि कारणही एक नव्हते. फडावर ना शौचालय ना आंघोळीचा आडोसा, त्यातून जडलेली दुखणी, कर्करोगाची भीती घालणारे डॉक्टर, आणि पाळीच्या दिवसांत पडणारा खाडा. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, शिफारशी झाल्या. मर्डॉक यांनी सांगितलेले प्रजननाचे कार्य जिथे आर्थिक कार्याच्या आड येते, तिथे शस्त्रक्रियेने ते उरकून टाकले जाते, असे त्या प्रकरणात कोणी लिहील का?

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो फालतू नाही. हे गरिबीने केलेले विद्रूपीकरण आहे, म्हणतात. मूळ संस्था निर्मळ आहे, पोटभर खाणाऱ्या घरांत पाहा. पाहू. २००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८०७ उरल्या. सोनोग्राफीला पैसे लागतात, गाडी लागते, ओळख लागते. कोपीत राहणाऱ्याकडे एवढे सगळे जुळून येणे कठीण. ज्या घरांना ते जमले त्यांत व्याख्यानमालांच्या पहिल्या रांगेत बसणारी घरेही होती, असे आम्ही म्हणतो आणि त्याला जो राग यायचा तो येऊ द्या. वंश, वारस, हुंडा, अब्रू या गोष्टी कुटुंबसंस्थेवर बाहेरून बसलेली धूळ नव्हे.

उलट टोकाच्या मित्रांशीही आमचे जमत नाही. एंगल्सचे १८८४ चे पुस्तक हातात धरून कुटुंब म्हणजे केवळ गुलामगिरी असे ते सांगतात. फडावर मात्र साप चावला, ताप चढला, मुकादमाने शिवी दिली तर माणसाला त्या अनोळखी मुलखात दुसरे कोणी नसते. नवऱ्याला बायको असते, बायकोला नवरा. मागे गावी नातवंडांना जेवू घालून शाळेत पाठविणारी आजी हीदेखील कुटुंबच आहे. तिच्या जिवावर सरकारची हंगामी वसतिगृहे उशिरा सुरू झाली तरी निभते. हा आधार खरा आहे, म्हणूनच त्याच्यावर इतके ओझे टाकता येते.

तेव्हा ‘कुटुंब वाचवा’ म्हणणाऱ्यांनी आधी दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर सही करावी. करारात बाईचे नाव वेगळे, तिची मजुरी तिच्या खात्यावर. आणि एकाच्या खाड्याचा दंड दुसऱ्यावर नाही. यातले काहीही ‘पाश्चात्त्य’ नाही. यामुळे घरे मोडतील असे ज्यांना वाटते, त्यांनी ती कशाने बांधलेली आहेत असे त्यांना वाटते तेही एकदा लिहून द्यावे.

त्या निबंधाला आम्ही त्या वेळी दहापैकी पाच गुण दिले होते. शेरा होता : विषयाला धरून नाही.