विश्लेषण : मांजराचा आजार ओळखणे इतके अवघड का?

दवनीवाड्यासारख्या गोंदिया जिल्ह्यातील धानपट्ट्यात मांजर म्हणजे घरातल्या धानाचे राखणदार. त्याचे खाणे सुटते, ताप उतरत नाही, अंग वाळते आणि पोट मात्र फुगते, तेव्हा घरचे हवालदिल होतात. यामागे ‘एफआयपी’ हा आजार असू शकतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो जवळजवळ हमखास जीवघेणा होता. आता औषध आहे. अडते ते निदानापाशी.

एफआयपी म्हणजे काय?

मांजरांमध्ये एक करोना विषाणू सर्रास आढळतो. विष्ठेवाटे पसरणारा हा विषाणू बहुतेकदा साध्या जुलाबावर थांबतो. काही मोजक्या मांजरांच्या शरीरात मात्र त्याचे रूप बदलते आणि तो रोगप्रतिकारक पेशींमध्ये शिरतो. दोन वर्षांखालील मांजरांना धोका अधिक. हा करोना माणसांना होणाऱ्या कोविडचा नव्हे; तो माणसाला होत नाही.

निदान का अडते?

रक्तात करोनाची प्रतिपिंडे सापडली तरी आजार सिद्ध होत नाही, कारण ती निरोगी मांजरांतही असतात. एका चाचणीवर निकाल लागत नाही. वय, ताप, रक्तातील प्रथिनांचे प्रमाण, सोनोग्राफी असे दुवे जुळवावे लागतात. पोटात पाणी न साठणाऱ्या प्रकारात डोळे, मेंदू किंवा मूत्रपिंड बाधित होते आणि चकवा वाढतो. त्यात ग्रामीण पशुवैद्यकीय दवाखान्यांचे काम मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्यांचे.

औषध कोणते?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधक नील्स पेडरसन यांच्या चमूने २०१९ मध्ये ‘जीएस-४४१५२४’ या औषधाचे निष्कर्ष मांडले. ३१ पैकी २६ मांजरांनी किमान १२ आठवड्यांचा उपचार पूर्ण केला. कोविडकाळात घरोघरी माहीत झालेले रेमडेसिव्हिर शरीरात याच औषधात रूपांतरित होते. उपचार सहसा ८४ दिवसांचा असतो आणि मात्रा वजनानुसार ठरते. त्यामुळे खर्च आणि चिकाटी दोन्ही लागतात.

बर्ड फ्लूचा संशय कधी?

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. कारण ‘एच५एन१’ निघाले. पाठोपाठ मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात पाळीव मांजरांतही हा विषाणू आढळला. मांजराने कच्चे कोंबडीचे मांस किंवा मेलेला पक्षी खाल्ला असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. हा विषाणू माणसालाही होऊ शकतो. म्हणून हातमोजे व मुखपट्टी हवी.

गावात काय करता येईल?

फुगलेल्या पोटातील पाणी डॉक्टरांनी सुईने काढल्यास ‘रिव्हाल्टा’ चाचणी जागेवरच होते. त्यासाठी शुद्ध पाणी आणि ॲसिटिक ॲसिडचा थेंब पुरतो. पाण्याचा थेंब त्यात विरघळून गेला, तर एफआयपीची शक्यता बरीच घटते. पुढील तपासण्यांसाठी नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा पर्याय आहे. गोंदियाहून रेल्वेने ते अंतर सुमारे १३० किलोमीटर.

तोवर ताप, वजन आणि खाणे रोज लिहून ठेवावे. ही वही निदानाला मोठा आधार देते. घरातली पॅरासिटामॉल मुळीच देऊ नये. मांजरासाठी ती विष ठरते. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराचे यकृतही बिघडू शकते. त्यामुळे आजाराचे नाव कळण्याची वाट न पाहता त्याच्या पोटात अन्न कसे जाईल, हे डॉक्टरांना विचारणे पहिले.