पाणी कुठलं?

मागच्या पावसाळ्यात चिऊला, म्हणजे दादाच्या दोन वर्षांच्या मुलीला, जुलाब सुरू झाले. पहिल्या दिवशी आम्ही ते दात येण्यावर ढकललं. दुसऱ्या दिवशी आंब्यावर. तिसऱ्या दिवशी पहाटे तिचं रडणं थांबलं, ओठ सुकले आणि ती नुसती पडून राहिली, तेव्हा दादा-वहिनी तिला उचलून दवाखान्यात धावले. सलाइन लागलं. तपासता तपासता डॉक्टरांनी विचारलं, "घरी पाणी कुठलं पिता?"

"विकतचं," वहिनी लगेच म्हणाली. जणू त्या एका शब्दात विषय संपला.

"ते कळलं. पण कुठलं?"

आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता येईना. रोज सकाळी टेम्पो येतो, निळा जार ठेवतो, रिकामा जार घेऊन जातो. वीस लिटरचे तीस रुपये. जारवर ना नाव, ना नंबर. भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीसाठी पाच मिनिटं हुज्जत घालणाऱ्या आमच्या घराने पाणीवाल्याला दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं, की बाबा रे, हे भरतोस कुठून?

(एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती आम्ही चुकलो. जुलाब सुरू झाले की पहिल्या दिवसापासून ओआरएस, आपली जलसंजीवनी, द्यायची असते. डॉक्टरांकडे जायच्या आधीसुद्धा. आम्ही तिसऱ्या दिवसाची वाट पाहिली.)

आमचं घर बोरसीत आहे. त्याआधी आम्ही भिलाईच्या टाउनशिपमध्ये, प्लांटच्या क्वार्टरमध्ये राहायचो. आजोबा साठच्या दशकात विदर्भातून इथे नोकरीला आले, मग बाबाही प्लांटमध्येच लागले. क्वार्टरमध्ये पाण्याचा विचार कुणी करत नसे. तांदुळा धरणाचं पाणी कालव्याने मरोदा जलाशयात येतं, शुद्ध होऊन घराघरात जातं, एवढं ऐकून माहीत. नळ उघडला की क्लोरीनचा हलकासा वास यायचा. पाहुणे नाक मुरडायचे, आम्हाला तो वास येतच नव्हता.

बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं, बोरसीत स्वतःचं घर झालं. इथे बोअर आहे. बोअरचं पाणी जड. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहाच्या पातेल्यात पांढरा थर बसतो. नवल काहीच नाही, या भागात जमिनीखाली चुनखडीचा दगड आहे. नंदिनीच्या खाणीतला हाच दगड प्लांटच्या भट्टीत जातो आणि त्यातलाच थोडा चुना आमच्या पातेल्यात येतो. शिवाय निगमचा नळ आहे. शिवनाथ नदीचं, शुद्ध केलेलं पाणी. ते सकाळी थोडा वेळ येतं आणि त्याला क्लोरीनचा वास येतो म्हणून आम्ही ते धुण्याभांड्याला वापरायचो. प्यायला जार. आता हे लिहिताना मलाच हसू येतंय. ज्या पाण्यात जंतुनाशक टाकलेलं आहे त्याने आम्ही भांडी घासत होतो, आणि ज्यात काय आहे ते ठाऊक नाही ते पीत होतो.

याला कारण आहे आमची चव. आजी दर्यापूरकडची. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जो खारपाणपट्टा आहे, त्यात तिचं माहेर. विहीर खणली की खारं पाणी लागणार. गोड्या पाण्यासाठी तिने लहानपणी किती पायपीट केली ते ती अजून सांगते. त्यामुळे तिच्या लेखी पाण्याचे दोनच प्रकार, गोड आणि खारं. जारचं पाणी पहिल्यांदा प्यायली आणि म्हणाली, "अमृत आहे व माय." तिथेच निकाल लागला.

दुसरा निकाल एका सेल्समनने लावला. हा प्रसंग तुमच्याही घरी घडला असेल. दोन ग्लास, एकात तुमचं पाणी, एकात त्याच्या मशीनचं. दोन्हींत धातूच्या कांड्या असलेलं एक यंत्र बुडवायचं, बटण दाबायचं. मिनिटभरात तुमच्या ग्लासात पिवळा-तपकिरी गाळ फेसाळतो आणि त्याचा ग्लास निवळशंख राहतो. "बघा ताई, हे तुम्ही पिताय!" आईने तोंडाला पदर लावला होता.

तो गाळ पाण्यातला नसतो. यंत्रातली एक कांडी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचाच गंज ग्लासात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही, म्हणून गंज नाही. पुढच्या वेळी तो आला तर त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि बटण दाबायला सांगा. मी बीए इंग्लिश केलेली मुलगी, मला हे खूप उशिरा कळलं. पण शाळेतल्या विज्ञानात होतंच की.

तोच माणूस खिशातून टीडीएसचं पेनही काढतो. बोअरचा आकडा मोठा, जारचा चाळीसच्या आसपास. आकडा जितका लहान तितकं पाणी चांगलं, असं आपण समजून बसतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज. भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चालतो आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. ते पेन जंतू मोजत नाही. गटाराचा एक थेंब पडलेल्या आरओच्या पाण्यातही ते चाळीसच दाखवेल. आजीची जीभ आणि सेल्समनचं पेन, दोघंही क्षारच ओळखतात. चिऊचं पोट ज्याने बिघडलं असेल ते दोघांनाही दिसत नाही.

पुण्याची गोष्ट तर आम्हाला माहीत होती. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या बाजूला, गिया बारेचे रुग्ण एकदम वाढले. पोटाच्या साध्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. फेब्रुवारी संपेपर्यंत संशयित आणि निश्चित मिळून रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, काही जण दगावले. महापालिकेने त्या भागातले खाजगी आरओ प्रकल्प तपासले. काहींकडे परवानगी नव्हती, काहींच्या पाण्यात ई-कोलाय निघाले, काही क्लोरीनच वापरत नव्हते. अनेक प्रकल्पांना सील लागलं. म्हणजे लोक ज्या पाण्याला नळापेक्षा शुद्ध समजून पैसे मोजत होते त्यातही मैल्यातले जंतू.

माझी आतेबहीण त्याच रस्त्यावर राहते. आम्ही तिला रोज फोन करून सल्ले देत होतो. उकळून पी, बाहेरचं खाऊ नकोस. आणि फोन ठेवला की जारच्या तोटीखाली ग्लास धरत होतो.

आरओने जंतू निघतात की नाही? पडदा धड असेल तर निघतात. पण त्याचबरोबर पाण्यातला क्लोरीनही निघतो. मशीनमधून बाहेर पडल्यावर त्या पाण्याला कुणी राखणदार उरत नाही. पुढे ते ज्या टाकीत जातं, ज्या जारमध्ये भरतात, ज्या हाताने झाकण लावतात, त्यातला कुठलाही जंतू तिथे निवांत वाढतो. नळाच्या पाण्यात क्लोरीनचा अंश मुद्दाम शिल्लक ठेवतात तो यासाठी. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम. महाराष्ट्रातल्या खेड्यांत जलसुरक्षक नळाचं पाणी नळीत घेऊन ओटीचे थेंब टाकतात आणि पिवळा रंग येतो का ते बघतात, ते हेच. ज्या वासाला आम्ही नाकं मुरडली तो पहारेकऱ्याच्या काठीचा आवाज होता.

चिऊ चार दिवसांनी घरी आली. मग मी चार बाटल्या मागवल्या. हायड्रोजन सल्फाइडची चाचणी म्हणतात तिला, एच-टू-एस. छोटी बाटली, आत औषधाचा कागद किंवा पूड. खुणेपर्यंत पाणी भरायचं, बूच लावायचं, घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवायचं. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळं झालं तर मैल्याशी संबंधित जंतू असण्याची शक्यता मोठी. ही प्रयोगशाळेची तपासणी नाही. ज्या पाण्याला मुळातच सडक्या अंड्यासारखा वास असतो तिथे ती फसू शकते. पण घरच्या घरी संशय मिटवायला किंवा पक्का करायला पुरेशी आहे. काळी झालेली बाटली तशीच बेसिनमध्ये ओतू नका, आधी ब्लीचिंग पावडर किंवा फिनेल टाका.

एकीत निगमच्या नळाचं, थेट नळावरून. एकीत बोअरचं, थेट पंपावरून. एकीत गच्चीवरच्या टाकीचं. एकीत जार उलटा ठेवतो त्या डिस्पेन्सरच्या तोटीचं. देवघराच्या खालच्या कप्प्यात चारही मांडल्या. आजी दिवसभर येता-जाता वाकून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्पेन्सरची बाटली शाईसारखी काळी. संध्याकाळी टाकीची. नळ आणि बोअर जसेच्या तसे.

मी तावातावाने पाणीवाल्याला फोन लावणार होते. आईने थांबवलं आणि विचारलं, "तो डिस्पेन्सर आपण कधी धुतला?" आणल्यापासून नाही. उघडला तर आत बोटाला बुळबुळीत लागलं. म्हणून नवा सीलबंद जार घेतला, डिस्पेन्सरला न लावता त्यातलं पाणी पाचव्या बाटलीत भरलं. तीही दुसऱ्या दिवशी काळवंडली. दोष त्याचा आणि आमचा, दोघांचाही. चिऊचं पोट नेमकं कशाने बिघडलं हे मात्र कुणी सिद्ध करू शकणार नाही. ते त्या काळ्या पाण्याने असेल, नसेलही.

आजी बराच वेळ बाटली हातात धरून बसली. मग म्हणाली, "पाणी तर गोडच होतं."

मग तिनेच नारूची गोष्ट काढली. तिच्या माहेरी पायऱ्यांच्या विहिरीतून पाणी आणत आणि कुणाकुणाच्या पायातून तो दोऱ्यासारखा जंत बाहेर येई. गावात माणसं येऊन सांगून गेली, पाणी दुहेरी फडक्याने गाळून प्या. नारूचा जंतू पाण्यातल्या बारीक किड्यातून पोटात जातो, तो किडा फडक्यात अडकतो. अशा साध्या उपायांनी तो रोग हटला, २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. पण आजीचं फडकं माठावर अजून आहे. ते किडा अडवतं, जिवाणू नाही. तुरटीचंही तेच. गढूळ पाणी निवळतं, जंतू मरत नाहीत. तांब्याच्या भांड्याचं थोडं वेगळं आहे. बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की सोळा तास ठेवलं तर जुलाबाचे जिवाणू तांब्यात मरतात. पण सोळा तास, तासभर नव्हे.

उकळणं मात्र जंतूंवर पक्कं आहे. खळखळून उकळी आली पाहिजे, नुसती वाफ नाही. आणि त्याच भांड्यात झाकून ठेवायचं. पण उकळल्याने नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक जात नाही. हे इथे सांगणं भाग आहे, कारण आमच्यापासून फार लांब नसलेल्या अंबागढ चौकीच्या भागात, कौडीकसा गावाच्या भूजलात आर्सेनिक सापडलेलं आहे, आणि तिकडे यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराइड. तिथल्या बाईने पाणी तासभर उकळलं तरी उपयोग नाही. आजीच्या माहेरी आरओ खरंच लागतो. मरोद्याच्या पाण्यावर वाढलेल्या घराला तो कशाला? शिवाय घरगुती आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर सहज मोरीत सोडतो. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० पेक्षा कमी टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घालायला सांगितलं होतं. दुकानात मात्र आजही कुणी तुम्हाला तुमचा आकडा विचारत नाही.

आम्ही बोअरचं पाणी तपासायला दिलं. छत्तीसगढमध्ये लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळा आहेत, महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या. नमुना कसा भरायचा, बाटली कुठली, हे आधी विचारून जा. जंतूंसाठीची बाटली निर्जंतुक असावी लागते, कोल्ड्रिंकची चालत नाही. अहवालात टीडीएस पाचशेच्या आत निघाला, कठीणपणा हव्या त्या मर्यादेच्या वर, नायट्रेट ठीक. म्हणजे बोअरचं पाणी विषारी नाही, नुसतं हट्टी आहे. डाळीला त्रास देतं, आम्हाला नाही.

आता प्यायला नळाचं पाणी थेट नळावरून भरतो. पावसाळ्यात उकळून. चिऊसाठी बारा महिने उकळून. रात्रभर झाकून ठेवलं की क्लोरीनचा वासही उतरतो. माठात कुणी ग्लास बुडवायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं ठेवलंय. गच्चीची टाकी दादाने स्वतः उतरून घासली, तळाशी एक मेलेली पाल निघाली. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. नळ आला नाही त्या दिवसासाठी क्लोरीनच्या गोळ्या आहेत. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबायचं. अशा गोळ्यांवर नागपूरच्या नीरी संस्थेने बरंच काम केलं आहे.

जार पूर्णपणे सुटला नाही. लग्नकार्याला, पाहुण्यांना लागतोच. पण आता सीलवर कंपनीचं नाव, पत्ता, भरल्याची तारीख आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांक बघून घेतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफएसएसएआयने बाटलीबंद पाण्याला अतिजोखमीच्या खाद्यपदार्थांत टाकलं आहे. ज्या थंड कॅम्परवर काहीच छापलेलं नसतं तो बाबा परत पाठवतात. आधी संकोच वाटायचा त्यांना. मागच्या आठवड्यात नवा टेम्पोवाला आला, स्वस्तात देतो म्हणाला. आतून आजीचा आवाज आला, "कुठलं व्हय ते पाणी?"

"आजी, आरओचं आहे, एकदम गोड."

"गोड राहू दे. कुठलं ते सांग."

तो थोडा वेळ उभा राहिला आणि पुढच्या घराकडे गेला. संध्याकाळी आजीने मला एच-टू-एसच्या बाटल्या पुन्हा मागवायला सांगितल्या. शेजारच्या काकूंना दोन हव्या आहेत.