उशाशी कोण बसणार?

मागील महिन्यात आमचे एक वृद्ध स्नेही रुग्णालयात होते, त्यांच्या समाचारास आम्ही गेलो होतो. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. दालनात खाटा चाळीस आणि परिचारिका अवघ्या दोन. एक सलाईन बदलीत होती. दुसरी नोंदी लिहिता लिहिता तीन बाजूंच्या हाका ऐकत होती. स्नेह्यांचे चिरंजीव त्रासून म्हणाले, "पैसे मोजूनही वेळेवर माणूस मिळत नाही!" आम्ही त्यांस एवढेच विचारले, "आपल्या साऱ्या गोतावळ्यात परिचारिका झालेली एक तरी मुलगी आहे काय?" ते क्षणभर थांबले व म्हणाले, "डॉक्टर तीन आहेत." या उत्तरातच प्रस्तुत प्रश्नाचे मर्म आहे, असे आम्हांस वाटते.

ही टंचाई आजची नव्हे. १९४६ साली भोर समितीने अहवाल सादर केला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. पुढे पुष्कळ सुधारणा झाली खरी. तथापि मे २०२० मध्ये, करोनाच्या ऐन साथीत, महाराष्ट्रास केरळाकडे ५० डॉक्टर व १०० परिचारिका मागाव्या लागल्या. विरजण शेजारी मागता येते. परिचारिका ऐन वेळी मागून मिळेलच असा भरवसा नाही. ती आधीच घडवून ठेवावी लागते.

तिचा हिशेब मात्र नीट मांडला पाहिजे. आठवड्याचे तास १६८. एकीचे काम ४८ तासांचे धरले, तर एकच जागा अहोरात्र भरलेली ठेवावयास साडेतीन जणी लागतात. रजा, दुखणे, बाळंतपण यांसाठी भारतीय परिचर्या परिषदेने तीस टक्के राखीव संख्या सांगितली आहे. ती मिळविली म्हणजे साडेचार होतात. आम्ही पाहिलेल्या दालनात दर पाळीस दोघींच्या जागी चौघी ठेवावयाच्या, तर नऊ जणी तरी नव्याने नेमाव्या लागतील! पदविकेचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा व पदवीचा चार वर्षांचा. यास्तव नव्या रुग्णालयाची कोनशिला बसेल त्याच दिवशी त्यासाठी लागणाऱ्या मुलींच्या शिक्षणाची तजवीज झाली पाहिजे. प्रत्येक जिल्ह्यात किती जणी निवृत्त होणार, किती परदेशी जाणार, किती जागा आज रिकाम्या आहेत, हे मोजल्यावाचून केलेली योजना म्हणजे पाहुण्यांची संख्या न विचारता चढविलेला भात होय.

नुसत्या जागा वाढवूनही भागत नाही. शिकविण्यास अनुभवी अध्यापिका पाहिजे आणि शिकण्यास रुग्णांचे दालन पाहिजे. एका अध्यापिकेमागे गर्दी केली, तर विद्यार्थिनी सुई टोचण्यास शिकेल. परंतु रुग्णाच्या चेहऱ्यावरून येणारा धोका ओळखण्यास शिकणार नाही.

शिकून तयार झालेली टिकली पाहिजे, हा याहून कठीण भाग. वेतनाचा प्रश्न त्यात आहेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने पन्नासांहून कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेस मासिक २०,००० रुपयांपेक्षा कमी वेतन नसावे, अशी शिफारस केली होती. वेतन शासनाने व रुग्णालयांनी पाहावे. मानाचे काय? तो आपल्या घरातून मिळावयाचा असतो.

पुण्यास १९०९ साली सेवासदन स्थापन झाले. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या खटपटीने तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण घेऊ लागल्या. त्यांत आपल्या समाजातील विधवाही होत्या. कुलीन घरांत हे काम हलके मानीत, त्या काळी त्यांनी ते पत्करले. आज ते सोवळे राहिले नाही. तरीही गुणी मुलीने परिचर्येचे नाव काढताच "त्यापेक्षा दुसरे काही पाहा" असे आपण म्हणतोच ना?

आमच्या परिचयाच्या एका घरी सूनबाई परिचारिका आहेत. पहिल्या बाळंतपणानंतर रात्रपाळी जमेना, म्हणून त्यांनी नोकरी सोडावयाचे ठरविले. सासूबाई म्हणाल्या, "रात्री बाळाजवळ मी निजेन. तू जा. तिथे कुणाची तरी सासू तुझी वाट पाहत असेल." सूनबाई आजही कामावर आहेत. कोणत्याही शासकीय योजनेत या वाक्यासाठी रकाना नाही. परंतु एक शिकलेली परिचारिका या वाक्याने राज्यास राखून दिली.

एकत्र कुटुंबाचे हेच सामर्थ्य आहे. मूल सांभाळण्यास आजी आहे, डबा भरून देण्यास जाऊ आहे, रात्री पोहोचविण्यास दीर आहे. तेव्हा वाचकांस आमची विनंती इतकीच: यंदा आपल्या घरी बारावी झालेला मुलगा वा मुलगी असेल, तर इतर मार्गांबरोबर हाही मार्ग त्यांच्यापुढे आदराने मांडावा; आणि घरात परिचारिका असेल, तर तिची रात्रपाळी साऱ्या घराने वाटून घ्यावी. आपल्या आजाऱ्याच्या उशाशी बसण्यास येणारी मुलगीही कोणाच्या तरी घरातूनच येत असते.