टाळ्या पडल्या, पुढे काय?

बडोद्यातील आमच्या शाळेत दर वर्षी 'सुजाण पालकत्व' या विषयावर व्याख्यान ठेवण्याचा प्रघात आहे. गेल्या वर्षीही ते थाटात झाले. सभागृह भरले. वक्त्यांनी दीड तास हसवले, मधूनच डोळ्यांत पाणी आणले. शेवटी सर्व पालकांनी हात वर करून 'मुलांवर हात उगारणार नाही' असे एकसुरात म्हटले. आम्हा शिक्षकांनाही ते फार भावले.

पुढच्याच आठवड्यात चाचणीच्या उत्तरपत्रिका वाटल्या. सहावीतला एक मुलगा तास संपल्यावर मागे रेंगाळला आणि म्हणाला, "बाई, माझा पेपर तुमच्याकडेच राहू द्या ना." कारण विचारण्याची गरज नव्हती. त्याचे वडील व्याख्यानाला पुढच्या रांगेत होते आणि हातही त्यांनी वर केला होता.

त्या वडिलांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी तो हात मनापासूनच वर केला असणार. पण पाळी संपवून थकून घरी आल्यावर, लाल शेऱ्यांचा पेपर समोर असताना, रागावर ताबा कसा ठेवायचा हे व्याख्यान ऐकून येत नाही. ते सरावानेच येते.

यंदा विश्वस्त मंडळाने पालकांच्या उपक्रमासाठी वेगळी रक्कम ठेवली आहे, याचा आम्हाला आनंद आहे. काही संस्थांची माहितीपत्रकेही आली आहेत. प्रत्येकात हसरी कुटुंबे आहेत आणि समाधानी पालकांचे अभिप्राय आहेत. आमची विनंती अशी, की निवड करताना वक्त्याचे नाव आणि हे अभिप्राय थोडे बाजूला ठेवावेत आणि आधी एक प्रश्न विचारावा: या कार्यक्रमाने घरात फरक पडतो, हे कोणी तपासले आहे का, आणि कसे?

तपासणे म्हणजे काय, याचे एक चांगले उदाहरण ब्रिटनमधील वेल्सचे आहे. तेथे 'इन्क्रेडिबल इयर्स' नावाच्या पालकवर्गाची पाहणी झाली व ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांची तीन-चार वर्षांची मुले फार हट्टी व आक्रमक होती, असे १५३ पालक त्यात होते. चिठ्ठ्या टाकल्यासारखी त्यांची विभागणी केली. १०४ जणांना वर्ग लगेच मिळाला, ४९ जणांना थांबावे लागले. काही महिन्यांनी दोन्ही गटांची तुलना केली, तेव्हा वर्ग झालेल्या घरांतील मुलांचे वागणे अधिक सुधारलेले आढळले आणि पालकांवरचा ताणही कमी झाला होता. थांबलेला गट नसता, तर 'मूल वाढले, आपोआप शहाणे झाले' असेही म्हणता आले असते. तुलनेमुळे ती पळवाट उरली नाही.

असे वर्ग आठवडेच्या आठवडे चालतात. २००८ मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या पालकवर्गांविषयीचे ७७ अभ्यास एकत्र तपासले गेले. ज्या वर्गांत पालकांनी आपल्याच मुलाबरोबर तिथल्या तिथे सराव केला, त्यांचा परिणाम जास्त दिसला. आपल्याकडे मुलांना बाहेर खेळायला पाठवून पालकांना आत उपदेश केला जातो!

वयाचाही विचार हवा. बालवाडीसाठी सिद्ध झालेला कार्यक्रम नववीच्या पालकांना तसाच लागू पडत नाही. मोठ्या मुलांसाठी दक्षिण आफ्रिकेतील प्रयोग पाहण्यासारखा आहे. तेथे किशोरवयीन मुले असलेल्या ५५२ कुटुंबांत १४ सत्रांचा कार्यक्रम तपासला गेला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलांना मारणे बरेच कमी झाले, असे पालकांनी सांगितले. मुलांच्या सांगण्यात मात्र तसा फरक दिसला नाही. आमच्या दृष्टीने या पाहणीतला सर्वांत मोठा धडा हाच आहे. घरात काय बदलले हे फक्त पालकांना विचारून चालणार नाही, मुलांनाही विचारले पाहिजे.

नावाजलेला कार्यक्रमही सर्वत्र चालतोच असे नाही. ऑस्ट्रेलियात तयार झालेला 'ट्रिपल पी' अनेक देशांत पोहोचला आहे. ग्लासगो शहरात तो मोठ्या प्रमाणावर राबवला गेला, पण शहरातील मुलांच्या मानसिक आरोग्यावर एकंदर परिणाम झाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले नाही. मग आपल्या शाळेत तर जास्तच सावध राहायला हवे. आपल्या घरांत आई मराठी, शेजार गुजराती, अभ्यास इंग्रजी, आणि शाळेतून आलेल्या मुलाला आधी भेटतात ते आजी-आजोबा. मकरपुऱ्याच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे बाबा संध्याकाळी पाचच्या वर्गाला येणार कसे? आजी-आजोबांना आणि पाळीवाल्या बाबांना ज्यात जागा नाही, तो कार्यक्रम कागदावर कितीही चांगला असला तरी आपल्या उपयोगाचा नाही.

म्हणून विश्वस्तांपुढे आम्ही एक सूचना ठेवतो. तुलनेने तपासलेला, आपल्या मुलांच्या वयाला साजेसा आणि सराव करून घेणारा एकच कार्यक्रम निवडावा. पाचवी-सहावीच्या इच्छुक पालकांची चिठ्ठ्या टाकून दोन तुकड्यांत विभागणी करावी. पहिली तुकडी जुलैत, दुसरी दिवाळीनंतर. दोन्ही तुकड्यांतील पालकांनी आणि मुलांनी एक छोटी प्रश्नावली जुलैत आणि पुन्हा दिवाळीपूर्वी भरावी. मुलांच्या प्रश्नावलीवर नाव नसावे, फक्त तुकडी असावी. कोणी वंचित राहणार नाही, आणि फरक पडला की नाही हेही कळेल. संख्या लहान असल्याने मोठे निष्कर्ष काढता येणार नाहीत, हे मान्य. पण नुसत्या टाळ्यांपेक्षा काहीतरी जास्त हाती लागेल. फरक पडला नाही, तर तसे याच अंकात छापण्याची आमची तयारी आहे.

यात व्याख्यानासारखी शोभा नाही. वर्तमानपत्रात फोटो येणार नाही, वर्ग कंटाळवाणाही वाटेल, पाचव्या आठवड्याला खुर्च्या रिकाम्या दिसतील. पालकांनो, तेव्हाही या. आणि विद्यार्थ्यांनो, प्रश्नावली हातात आली की आईबाबांना बरे वाटावे म्हणून नव्हे, तर जे खरे आहे तेच लिहा.

तो मुलगा आता सातवीत आहे. त्याचा तो पेपर अजून आमच्या कपाटात आहे. यंदाचे पेपर मुलांनी निर्धास्तपणे घरी न्यावेत, एवढेच आम्हाला हवे आहे.